कामगार म्हणायचे कोणाला? संघटनांची ओहोटी आणि वाढती विषमता

पुण्याजवळच्या चाकण किंवा रांजणगाव पट्ट्यातील एखाद्या मोठ्या कारखान्यात जुळणीच्या एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तिघांच्या पगारांत दुपटी-तिपटीचा फरक असतो, ही गोष्ट त्या भागात कोणालाही नवी नाही. त्यांतला एक परमनंट असतो. त्याचा पगार संघटनेने व्यवस्थापनाशी तीन-चार वर्षांसाठी केलेल्या करारातून ठरतो. दुसरा ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा असतो आणि त्याला किमान वेतन किंवा त्याहून थोडे अधिक मिळते. तिसरा कागदोपत्री प्रशिक्षणार्थी असतो, त्यामुळे त्याला पगार नव्हे, तर विद्यावेतन मिळते. तिघेही एकाच गाडीचे सुटे भाग बसवत असतात आणि पाळी संपल्यावर एकाच फाटकातून बाहेर पडतात.

हा फरक कौशल्याचा म्हणावा, तर तीन-चार वर्षे तेच काम केलेला कंत्राटी कामगार काही महिन्यांपूर्वी भरती झालेल्या कायम कामगाराला काम शिकवताना दिसतो. खरा फरक आहे तो कोणाच्या वतीने कोण वाटाघाटी करते याचा. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगाच्या बऱ्याच भागांत कामगार संघटना दुबळ्या झाल्या आणि आर्थिक विषमता वाढली. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरेच. म्हणूनच त्यांचा सांधा नेमका कुठे आहे ते तपासावे लागते. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर हा सांधा पगारवाढीच्या मागण्यांपेक्षाही एका मूलभूत प्रश्नात आहे, असे मला वाटते: कायदा आणि करार कामगार म्हणून कोणाला मोजतात आणि कोणाला मोजणीबाहेर ठेवतात?

पगार ठरतो कसा

मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरते, असे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात शिकवले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कामगाराच्या कामातून कंपनीला जेवढे मिळते त्यापेक्षा जास्त पगार ती फार काळ देऊ शकत नाही. ही झाली वरची मर्यादा. हे काम सोडल्यास दुसरीकडे जे मिळेल त्याहून कमी पगारावर कामगार टिकणार नाही. ही झाली खालची मर्यादा. या दोहोंच्या मध्ये बरीच मोकळी जागा असते आणि पगार त्या जागेत कुठे स्थिरावतो, हे कोणत्या बाजूला किती काळ थांबणे परवडते यावर अवलंबून असते. एकट्या कामगाराला थांबणे परवडत नाही, कारण घरभाडे आणि किराणा त्याच्यासाठी थांबत नाहीत. उलट एक माणूस गेल्याने कंपनीचे फारसे अडत नाही. सगळे मिळून बोलू लागले की कंपनीचेही अडू लागते, आणि वाटाघाटी नावाची गोष्ट तिथून सुरू होते.

संघटनेमुळे होतो तो परिणाम एवढ्यावर थांबत नाही. करारात पगार माणसागणिक नव्हे, तर श्रेणीगणिक ठरतो, त्यामुळे साहेबाच्या मर्जीला वाव कमी राहतो आणि कारखान्यातल्या वरच्या-खालच्या पगारांमधील अंतर आटोक्यात राहते. शेजारच्या कारखान्यात संघटना नसली, तरी ती येऊ नये म्हणून तिथला मालक थोडे अधिक देतो. शिवाय संघटनांचे राजकारणात वजन असेल, तर त्यातून होणारे कायदे सभासद नसलेल्यांच्याही उपयोगी पडतात. ठरावीक पगारमर्यादेतील नोकरदाराला आज बोनस हक्काने मिळतो, तो याच वाटेने आला. मुंबईच्या गिरण्यांमधील वादात श्रम अपील न्यायाधिकरणाने १९५० साली नफ्यातून बोनस कसा काढायचा याचे सूत्र घालून दिले, आणि पुढे १९६५ साली बोनस देण्याचा कायदा झाला. त्या कायद्यातील किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के हे दर आता नव्या वेतनसंहितेत आले आहेत. ज्या दुकानात किंवा कचेरीत कधी संघटनेची पावती फाडली गेली नाही, तिथेही ही तरतूद लागू होऊ शकते.

सभासद नसलेल्यांवर होणारा हा परिणाम मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. तिथे १९५० च्या दशकात सुमारे एक-तृतीयांश कामगार संघटनांचे सभासद होते. आज खासगी क्षेत्रात हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आहे. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात कामावरून काढले, आणि संपकऱ्यांना काढून टाकणे हा खासगी मालकांनाही राजमान्य मार्ग वाटू लागला. ब्रूस वेस्टर्न आणि जेक रोझेनफेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९७३ ते २००७ या काळात तिथल्या पगारांतील विषमता जेवढी वाढली, तिच्यापैकी एक-पंचमांश ते एक-तृतीयांश वाढ संघटनांच्या ऱ्हासाशी जोडता येते. याचा दुसरा अर्थ असा की, उरलेली बरीच मोठी वाढ तंत्रज्ञान, शिक्षण, करधोरण, आयात अशा इतर कारणांतून झाली. या विषयावर बोलताना हे दुसरे वाक्य गाळण्याचा मोह होतो, पण ते गाळू नये.

भारताच्या बाबतीत एक रास्त शंका विचारली जाते. इथे नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक असंघटित स्वरूपाच्या रोजगारात आहेत आणि संघटना प्रामुख्याने कारखाने, बँका, रेल्वे व सरकारी खात्यांपुरत्या राहिल्या. इतक्या छोट्या तुकड्यातील संघटना दुबळ्या झाल्याने सगळ्या देशाची विषमता कशी वाढेल? विषमता वाढली आहे, हे तर दिसतेच. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार, देशाच्या एकूण उत्पन्नात सर्वांत वरच्या एक टक्का लोकांचा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सहा टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२२-२३ मध्ये २२.६ टक्क्यांवर गेला. प्राप्तिकराच्या आकडेवारीवर बेतलेल्या अशा अंदाजांच्या पद्धतीबद्दल अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत, मात्र दिशेबद्दल फारसे नाहीत. या वाढीमागे शेअर बाजार, जमिनींचे भाव, इंग्रजी शिक्षणाला मिळालेला भाव अशी अनेक कारणे आहेत. त्यांतून संघटनांचा हिस्सा टक्केवारीत वेगळा काढून दाखवणे अवघड आहे; तो कोणत्या मार्गाने घडतो, हे मात्र मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात बरेच स्पष्ट दिसते.

गिरणगावचा मापदंड

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या, आणि १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत, १९२८ च्या दीर्घ संपासह अनेक संपांमधून, गिरणी कामगाराच्या नोकरीला एक निश्चित आकार आला. प्रमाणित वेतन, राहणीच्या खर्चाच्या निर्देशांकाशी बांधलेला महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस, असे त्याचे घटक होते. हा पगार श्रीमंतीचा कधीच नव्हता, पण त्यावर लालबाग-परळच्या चाळीत एक खोली, गावी दरमहा मनीऑर्डर आणि मुलाची शाळा एवढे भागत असे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या, फारसे न शिकलेल्या माणसाला हे मिळू शकते, ही गोष्ट शहरातल्या इतर मालकांसाठी आणि इतर मजुरांसाठीही एक मापदंड होती. मुंबईचा लहान कारखानदार स्वतः तेवढे देत नसेलही, पण आपण किती कमी देतो, हे त्याला आणि त्याच्या माणसाला दोघांनाही ठाऊक असे.

तरीही या व्यवस्थेच्या पोटात दोन खोट होत्या. पहिली कायद्यातली होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात, एका क्षेत्रापुरती एकच संघटना ‘प्रातिनिधिक’ ठरत असे, आणि व्यवस्था अशी होती की एकदा ती मान्यता मिळाली की कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिच्याकडेच राही. मुंबईच्या गिरण्यांत हे स्थान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेले आणि तिथेच राहिले. ठरण्याची पद्धत सभासदसंख्येच्या पडताळणीची होती, गुप्त मतदानाची नव्हती. बहुसंख्य कामगारांना आपल्या वतीने बोलणारी संघटना पसंत नसली, तरी तिला बदलण्याचा सोपा मार्ग त्यांच्याकडे नव्हता. दुसरी खोट बदली पद्धतीची होती. कायम कामगार गैरहजर राहील त्या दिवसापुरते काम मिळवण्यासाठी रोज गिरणीच्या फाटकावर उभा राहणारा तो बदली कामगार. अशी माणसे वर्षानुवर्षे बदलीच राहत. मालकाला त्यामुळे मनुष्यबळ कमी-जास्त करता येई, आणि कायम कामगाराला हवी तेव्हा गावी जाण्याची सोय होई. त्यामुळे या पद्धतीला खालून आव्हान मिळायला वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगारांनी केलेला संप आज बहुतेकांना पगारवाढीचा अव्वाच्या सव्वा हट्ट म्हणून आठवतो. मागण्यांत पगारवाढ होतीच, कारण मुंबईतील अभियांत्रिकी आणि औषध कारखान्यांचे पगार तोवर गिरण्यांच्या पुढे निघून गेले होते आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी ती वाढ सामंतांनीच मिळवून दिली होती. परंतु बदली कामगारांना कायम करा आणि १९४६ चा कायदा रद्द करा, या मागण्याही तितक्याच ठळक होत्या. म्हणजे कामगारांच्या वतीने कोण बोलणार आणि कामगार म्हणून कोण मोजले जाणार, हे दोन्ही प्रश्न त्या संपात होते. सरकारने कायद्याबाबत माघार घेतली नाही. मालकांपैकी अनेकांनी कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर विणून घेतले. तिथे मजुरी कमी होती आणि संघटनेचा जोर नव्हता. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, तो हळूहळू विरत गेला, आणि एक लाखाहून अधिक माणसे कामावर परतू शकली नाहीत.

संपाने गिरण्या बुडवल्या, हे अर्धे सत्य आहे. बऱ्याच मालकांनी नफा पुन्हा यंत्रांत घातला नव्हता, यंत्रमागांची स्पर्धा आधीपासून होती, आणि शहराच्या मध्यावरची सुमारे सहाशे एकर जमीन सूत काढण्यापेक्षा विकण्यात अधिक फायद्याची ठरू लागली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने विकासाला मुभा देताना जमिनीचा ढोबळमानाने एक-तृतीयांश वाटा शहरासाठी मोकळा, एक-तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी ठेवला होता. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, त्यामुळे सार्वजनिक वाटा फार आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हा बदल कायम ठेवला. विषमता पगारापुरती नसते, मालमत्तेचीही असते, याचे इतके उघड उदाहरण दुसरे सापडणे कठीण. ज्या जमिनीवर कामगारांच्या चार पिढ्या राबल्या, तिच्या वाढलेल्या भावाची वाटणी ठरली तेव्हा कामगारांच्या बाजूने बोलण्याइतकी ताकद असलेली संघटना उरली नव्हती. घरांसाठी दीड लाखाच्या आसपास कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. घरे मिळाली ती त्यांच्यातील लहानशा भागाला.

फाटकाच्या आतले दोन वर्ग

गिरण्या गेल्या तरी संघटना संपल्या नाहीत. सभासदांच्या नोंदी पाहिल्या, तर भारतातील केंद्रीय संघटना आजही आपले सभासद कोटींच्या घरात सांगतात, आणि अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांच्या संघटना तर अलीकडच्या काळात वाढल्याच आहेत. आटली ती कारखान्याच्या फाटकावर सौदा करण्याची ताकद. ती कशी आटली, हे कायद्यातल्या एका आकड्यावरून समजते. महाराष्ट्रात लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या नियमांप्रमाणे, बारा महिन्यांत २४० दिवस अखंड काम केलेल्या तात्पुरत्या किंवा बदली कामगाराला कायम करावे लागे. त्यावर शोधलेली युक्ती म्हणजे ‘ब्रेक’. सहा-सात महिने झाले की माणसाला कमी करायचे, थोडे दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नव्याने घ्यायचे. त्याही पुढची युक्ती म्हणजे माणूस आपल्या पटावर न घेता ठेकेदाराच्या पटावर घ्यायचा.

कंत्राटी कामगारांविषयी १९७० चा कायदा होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. त्याखालच्या नियमांत कायम कामगाराचे किंवा तशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला तेवढेच वेतन द्यावे, असे म्हटले होते. एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकारही सरकारला त्या कायद्याने दिला. परंतु पद्धत बंद झाली म्हणून तिथली माणसे आपोआप मूळ कंपनीत सामावली जात नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्टील अथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या प्रकरणात दिला. त्यानंतर कंत्राटी पद्धतीविरुद्ध तक्रार करणे म्हणजे स्वतःचीच नोकरी घालवण्याचा अर्ज करणे, अशी अवस्था झाली. उद्योगांच्या वार्षिक सर्वेक्षणानुसार, २००० च्या सुमारास नोंदणीकृत कारखान्यांतील कामगारांपैकी साधारण पाचातला एक कंत्राटी होता. आता हे प्रमाण दहातल्या चारांच्या पुढे गेले आहे.

याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा समजून घेण्यासाठी एक हिशेब करू. समजा, एखाद्या कारखान्याने शंभर रुपयांचा कच्चा माल व वीज वगैरे वापरून एकशे साठ रुपयांचा माल विकला. मधल्या साठ रुपयांना मूल्यवर्धन म्हणतात. त्यातूनच पगार, व्याज, भाडे आणि नफा निघतो. देशातील संघटित कारखानदारीत या मूल्यवर्धनातून कामगारांच्या मजुरीला जाणारा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे तीस टक्के होता. २००७-०८ च्या सुमारास तो दहा टक्क्यांच्या आसपास आला, आणि नंतर थोडा सावरला तरी जुन्या पातळीच्या जवळपासही गेलेला नाही. आपल्या उदाहरणात सांगायचे, तर साठातले अठरा रुपये होते, ते सहा झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षे महागाई वजा करता कामगारांची मजुरी जवळजवळ जागच्या जागी राहिली. दर कामगारामागचे उत्पादन मात्र कितीतरी वाढले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. एक म्हणजे हातांची जागा यंत्रांनी घेतली, कापडगिरण्यांसारखे भरपूर माणसे लावणारे उद्योग मागे पडून रसायने, तेलशुद्धीकरण, मोटारी असे भांडवलप्रधान उद्योग पुढे आले, म्हणजे वाटा घसरणारच. दुसरा म्हणजे शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी किंवा बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे, या अटीमुळेच मालक कायम भरतीला घाबरले आणि कंत्राटाकडे वळले. पहिल्या आक्षेपाने घसरणीचा काही भाग समजतो, पण एकाच यंत्रावर शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांच्या पगारातला फरक त्याने समजत नाही. दुसऱ्याबाबत पाहायचे, तर राजस्थानने २०१४ मध्येच ही मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेली आणि इतर काही राज्ये त्या वाटेने गेली. तरीही देशभरातील कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढतच राहिले. नोकरीतून काढण्याची सोय हे कंत्राटाचे एक कारण असेल, पण स्वस्त मजुरी हे त्याहून साधे कारण समोर असताना ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

संघटनांचाही यात वाटा आहे. कायम कामगारांच्या संघटनेला दर करारात एक निवड करावी लागते: आपल्या सभासदांना जास्त मिळवून द्यायचे, की नव्याने येणाऱ्यांना आपल्याच श्रेणीत घेण्याचा आग्रह धरायचा. बऱ्याच ठिकाणी पहिली निवड झाली. चांगल्या पगारवाढीच्या बदल्यात नव्या भरतीसाठी वेगळी, खालची श्रेणी मान्य झाली किंवा कंत्राटी माणसांची संख्या वाढू दिली गेली. पाच-दहा वर्षे हे सगळ्यांना सोयीचे वाटले. पुढे कायम कामगार निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि संप केला तरी उत्पादन कंत्राटी हातांनी चालू राहू शकते, हे उघड झाले. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी २०१३ साली प्रत्येकाला एक रुपया दराने पाचशे शेअर द्यावेत, अशी मागणी करून संप केला. नफ्यातील वाट्याबद्दल इतकी थेट मागणी क्वचितच झाली असेल. सुमारे पन्नास दिवसांनी संप मिटला तेव्हा ती मागणी मान्य झालेली नव्हती. कंपनीचे कारखाने वाळूज आणि उत्तराखंडातील पंतनगरलाही होते. एका फाटकावरची ताकद अशा वेळी अपुरी पडते.

मोजणीत शिरण्याचे मार्ग

याच्या उलट दिशेची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत आणि त्यांची चर्चा फार कमी होते. मुंबईत महापालिकेच्या कचरा उचलण्याच्या कामावर ठेकेदारामार्फत घेतलेल्या माणसांची कचरा वाहतूक श्रमिक संघ ही संघटना १९९० च्या दशकात उभी राहिली. झाडू तोच, रस्ता तोच आणि शहरही तेच असताना कायम सफाई कामगाराच्या तुलनेत या माणसांना पगाराचा लहानसा भाग मिळत असे, आणि ती महापालिकेची माणसेच नाहीत, असा बचाव केला जाई. संघटनेने रस्त्यावर आंदोलने केली, पण मुख्य लढा या बचावाविरुद्ध न्यायालयात चालवला: कंत्राट हा नुसता देखावा असून खरा मालक महापालिकाच आहे, हे सिद्ध करायचे. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या घरांपुरती विषमता एका आदेशाने कमी झाली. मात्र त्याला वीस वर्षे लागली, आणि यादीतली काही माणसे निकाल पाहायला उरली नव्हती.

माथाडी कामगारांचा मार्ग याहून मुळातला आहे. बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाला एक मालक नसतो. तो सकाळी एका व्यापाऱ्याचा, तर दुपारी दुसऱ्याचा माल उतरवतो. कारखान्याच्या चौकटीत रचलेले कायदे त्याला लावायचे, तर आधी मालक दाखवावा लागेल, आणि तिथेच गाडे अडत असे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ साली झालेल्या माथाडी कायद्याने हा प्रश्न बाजूला सारून वेगळी रचना केली. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापन झाले. हमाल आणि व्यापारी दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने त्यातून मजुरी वाटायची आणि भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, औषधोपचार यांची सोय करायची. मजुरीचे दर वाटाघाटींतून ठरतात. मालक एक नसला तरी सौदा सामूहिक असू शकतो, हे यातून सिद्ध झाले. पुण्यात बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत आणि नंतरची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत हीही याच विचाराची उदाहरणे. या कायद्याच्या नावाखाली औद्योगिक भागात खंडणी उकळली जाते, या उद्योजकांच्या तक्रारीही खऱ्या आहेत आणि त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यासाठी मंडळाची रचनाच मोडीत काढावी, असे म्हणणाऱ्यांनी हमालाला पर्यायी काय देणार, ते सांगितले पाहिजे.

नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, आणि जुने प्रश्न त्यांत नव्या रूपात आले आहेत. औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटींसाठी एकमेव संघटना ठरण्याकरिता, एकाहून अधिक संघटना असतील तिथे, हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कोणालाच नसेल, तर किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची परिषद बनते. संघटनेला कायदेशीर मान्यता मिळण्याची देशव्यापी तरतूद ही नवी आणि स्वागतार्ह गोष्ट आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा माणूस या मोजणीत कुठे बसतो, यावर मात्र पुढे वाद होणार, हे उघड आहे. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांना बंधनकारक आहे, निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप समजला जातो, आणि कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी लागणाऱ्या परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशेवर गेली आहे.

घरपोच जेवण पोहोचवणारा किंवा ॲपवर रिक्षा चालवणारा माणूस तर औद्योगिक संबंधांच्या या संहितेत येतच नाही. त्याचा उल्लेख सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि तिथेही त्याची व्याख्या पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर काम करणारा अशी केली आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार, २०२०-२१ मध्ये असे लोक ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असा अंदाज आहे. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकने २०२५ साली त्यांच्यासाठी कायदे केले. त्यांत प्रत्येक व्यवहारामागे कंपनीकडून शुल्क घेऊन कल्याणनिधी उभारण्याची आणि त्यासाठी मंडळ नेमण्याची तरतूद आहे. माथाडी मंडळाशी असलेले तिचे साम्य सहज लक्षात येते. फरक असा की, माथाडी मंडळाच्या व्यवस्थेत मजुरीचा दर वाटाघाटींचा विषय असतो. या दोन्ही कायद्यांनी विमा आणि निधी यांची सोय केली, पण एका फेरीला किती रुपये मिळणार, हे अजूनही ॲप ठरवते आणि तो दर कधी बदलायचा, हेही ॲपच ठरवते.